गाळलेल्या प्रश्नांच्या जगदाळे मॅडम

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकच हिंदी पेपर यायचा आणि तो अकरा वाजेपर्यंत वाया जायचा. जगदाळे मॅडमचा पहिला तास साडेदहाला संपायचा. त्या चहाचा कप घेऊन बसायच्या, पेपर पुढे ओढायच्या आणि पेन काढायच्या. 'छात्रा से दुष्कर्म' असा मथळा दिसला की त्याच्या डोक्यावर लिहायच्या, 'किसने किया?' 'विवाहिता की अस्मत लुटी', म्हणजे अब्रू लुटली, असं असलं की लिहायच्या, 'लुटली कोणी, आणि चोरीचा माल कुठे सापडला?' हे दुसरं मराठीत, म्हणजे फक्त मला कळावं म्हणून. पेन शाईचं होतं. शाई मागच्या पानावर उतरायची आणि मागच्या पानावर नेमकं शब्दकोडं असायचं. केमिस्ट्रीचे एक ज्येष्ठ प्राध्यापक वर्षानुवर्षं ते कोडं सोडवत आले होते. त्यांनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. 'समाचार-पत्र पर अनावश्यक टिप्पणियाँ की जा रही हैं.' प्राचार्यांनी तो कागद मॅडमकडे खुलाशासाठी पाठवला. मॅडमनी त्याच्यावरही लिहिलं, 'किसके द्वारा?' आणि परत पाठवला.

इंदुमती जगदाळे इतिहास शिकवायच्या. मी भूगोल. त्या कराडकडच्या, मी वर्ध्याकडचा. महाराष्ट्रात असतो तर आम्ही एकमेकांच्या भाषेला नावं ठेवली असती. जयपुरात दोघांनाही मराठी बोलणारं दुसरं माणूस स्टाफरूममध्ये नव्हतं, त्यामुळे जमलं. त्यांचे यजमान विमा कंपनीत बदलीवर इथे आले होते. पुढे ते बदलीवर गेले आणि या राहिल्या. त्यामागची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही.

त्यांच्या आडनावाचे इथे दोन उच्चार होते. इंग्रजी शाळेत शिकलेले 'जगदाले मैम' म्हणायचे. खेड्यातून आलेल्या मुली आणि जुने शिपाई मात्र आपल्यासारखा स्वच्छ 'ळ' काढायचे, कारण तो त्यांच्या बोलीत आहे. आमचे प्राचार्य शेखावाटीतल्या खेड्यातले. लहानपणी तेही 'ळ' म्हणत असणारच. खुर्चीवर बसल्यापासून 'ल' म्हणायला लागले होते.

मॅडमचा विषय होता बलात्कारांचा इतिहास. हा शब्द त्या सरळ उच्चारायच्या, जसा मी 'वाळवंट' म्हणतो तसा. आमचे सहकारी तो उच्चारत नसत. 'मैडम का वो वाला टॉपिक' असं म्हणत. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, बाईंच्या बाबतीत काही झालं होतं का, म्हणून त्यांनी हा विषय घेतला? मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना विचारा, तुम्ही दुष्काळावर पीएचडी केलीत, तुम्हाला घरी जेवायला मिळत नव्हतं का?"

वर्गात त्या पहिला महिनाभर इतिहास शिकवतच नसत, व्याकरण शिकवत. फळ्यावर वाक्य लिहायचं आणि विचारायचं, कर्ता सापडला का? 'गाँव में एक औरत के साथ ज्यादती हुई.' कर्ता कुठाय? मुली शोधायच्या. सापडायचा नाही. मला एकदा म्हणाल्या, "गंमत बघा भोयर. आपल्याकडे घराला कर्ता पुरुष असतो, कुळाला असतो, गणपती मंडळालासुद्धा असतो. फक्त बलात्काराला नसतो. तो आपला होतो. अवकाळी पाऊस होतो तसा."

मी हसलो. हसल्यावर लक्षात आलं की त्या हसत नाहीयेत.

त्यांचं सगळं संशोधन चालायचं चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका हवेलीत. एका जुन्या जहागिरीचं, म्हणजे इथल्या भाषेत ठिकाण्याचं, दफ्तर तिथे एका ट्रस्टने ठेवलं होतं. लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांना बस्ते म्हणतात. त्या बस्त्यांचे राखणदार भंडारीजी. सत्तरीचे, अतिशय सभ्य. मॅडमनी पहिल्यांदा विषय सांगितला तेव्हा त्यांनी चहा मागवला, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि फार दुःखाने सांगितलं की मॅडम, आमच्या ठिकाण्यात असलं काही व्हायचंच नाही. तशी फाईलच नाही. वाटल्यास सगळी सूची बघा.

सूची खरोखरच निर्मळ होती. शेतसारा, पाणी, लग्नसमारंभ, हत्तीघोडे, गुरंढोरं, पिकांची नासधूस. बायकांबद्दल एकच बस्ता, तो राणीसाहेबांच्या तीर्थयात्रांचा.

मॅडमनी पिकांची नासधूस मागितली. भंडारीजींना वाटलं, बाई सुधारल्या. रोज आनंदाने बस्ते काढून देऊ लागले. चौथ्या की पाचव्या आठवड्यात मॅडमना एक तक्रार सापडली. एका शेतमालकाची. त्याची उभी बाजरी कोणीतरी तुडवली होती. किती सऱ्या आडव्या झाल्या, कणसं कुठवर भरली होती, सगळं तपशीलवार. नुकसान कसं झालं याला साक्षीदार म्हणून एक बाई. तिचा जबाब सात ओळींचा. त्या सात ओळींत दोन माणसांनी तिला ओढत बाजरीत नेल्याचं होतं. पुढची चौकशी सगळी बाजरीची. कामदाराने, म्हणजे ठिकाण्याच्या कारभाऱ्याने, शेवटी निकाल दिला, तोही बाजरीच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हे मला सांगितलं. मग म्हणाल्या, "बाजरीला वाली होता."

त्या दफ्तरातून त्यांनी अशा कितीतरी बायका काढल्या. कोणी विहिरीच्या भांडणात होती, कोणी हरवलेल्या म्हशीच्या तपासात. भंडारीजींना शेवटी कळलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून एक बस्ता आणून ठेवला आणि म्हणाले, हा रस्त्यावरच्या झाडांच्या कत्तलीचा आहे, पण बघून घ्या.

मॅडमचा प्रकल्प कॉलेजच्या नैतिकता समितीपुढे आला. त्या समितीत मी होतो. कॉलेजातल्या सगळ्या समित्यांत मी असतो, कारण मी कोणालाच त्रासदायक वाटत नाही. समितीने नियमाप्रमाणे मागणी केली की ज्या स्त्रियांवर संशोधन आहे त्यांची लेखी संमती जोडावी. मॅडमनी कळवलं की त्या स्त्रिया हयात नाहीत. समितीने ठराव केला की तसं असल्यास प्रत्येकीच्या मृत्यूचा दाखला जोडावा. तो ठराव लिहिणारा मीच. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. फॉर्ममध्ये रकाना होता, आणि रिकामा रकाना मला बघवत नाही.

मार्चमध्ये महिला दिनाचं दोन दिवसांचं चर्चासत्र असायचं. मॅडमनी निबंध दिला होता, 'बलात्कार के मुकदमों के पुराने बयान कैसे पढ़ें'. छापील पत्रिकेत तो 'नारी सम्मान: कल, आज और कल' असा आला. मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य म्हणाले की शब्द जरा टोचतो, मंत्रीजी येणार आहेत. मॅडमनी विचारलं, मंत्रीजींना टोचेल का? प्राचार्य म्हणाले, त्यांना नाही, पण सोबत कोण कोण असतं.

सकाळचं सत्र मंत्रीजी, प्राचार्य आणि एक महाराज यांनी मिळून चालवलं. तिघांनीही स्त्री ही देवी आहे हे सिद्ध केलं. एकूण सात फेटे, अकरा शाली आणि एक वीणाधारी मूर्ती यांची देवाणघेवाण झाली. मॅडमची पाळी आली तेव्हा पाऊण वाजला होता आणि मागच्या मांडवातून चुरम्याच्या तुपाचा वास यायला लागला होता. सूत्रसंचालिकेने सांगितलं, सात मिनिटं.

मॅडमनी प्रास्ताविक केलं नाही. बाजरीतल्या बाईचा जबाब वाचला. नाव नाही, गाव नाही. "मी एकटी होते. मी ओरडले नाही. माझी ओढणी लाल होती. मी त्यांना आधी ओळखत होते." मग म्हणाल्या, हा जबाब वाचून वाटतं की बाई स्वतःहून हे सगळं सांगत सुटली आहे. कोणती बाई आपणहून सांगेल की माझी ओढणी लाल होती? तिला कोणीतरी काहीतरी विचारलंय. कारकुनाने उत्तरं ठेवली आणि प्रश्न गाळले. आता गाळलेले प्रश्न परत घालून वाचते.

आणि त्यांनी तोच जबाब पुन्हा वाचला. एकटी का होतीस? मी एकटी होते. ओरडलीस का? मी ओरडले नाही. कपडे कुठल्या रंगाचे घातले होतेस? माझी ओढणी लाल होती. यांच्याशी आधी बोलणं होतं का? मी त्यांना आधी ओळखत होते.

मागच्या रांगेतल्या मुलींनी मोबाइल खाली ठेवले होते. मॅडम शेवटी एवढंच म्हणाल्या की प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कागदावर कुठेच नाही. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, सहा मिनिटं झाली होती, आणि त्या खाली उतरल्या. सूत्रसंचालिका लगबगीने माइककडे आली. ती म्हणाली, "इतने कोमल विषय के बाद... भोजन तैयार है."

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की बाई प्रत्येक वेळी बरोबरच असायच्या. तसं नव्हतं. जयपुरातल्याच मुरलीपुऱ्याला काय झालं ते मी स्वतः पाहिलं आहे.

त्या बाजरीतल्या बाईची मुलगी हयात असल्याचं भंडारीजींकडून कळलं. ऐंशीच्या घरातली म्हातारी, मुरलीपुऱ्यात नातवाकडे राहते. मॅडमना हर्ष झाला. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या पुस्तक लिहीत होत्या, आणि त्यांच्या मते ही मुलाखत म्हणजे पुस्तकाचा जीव. कागद काय बोलतो ते त्यांच्याकडे होतं, घर काय बोलतं ते हवं होतं. पहिल्यांदा गेल्या, म्हातारीने चहा पाजला आणि नाही म्हणाली. दुसऱ्यांदा गेल्या, चहा पाजला, नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी त्यांची स्कूटर दुरुस्तीला होती, म्हणून मला म्हणाल्या, सोडता का.

सीकर रोडच्या गर्दीतून आम्ही पोचलो. खाली नातवाचं लेथ मशीनचं वर्कशॉप, वर घर. म्हातारी पलंगावर बसून मेथी निवडत होती. मॅडमनी या वेळी तयारी केली होती. नाव बदलू, गाव बदलू, आवाज टेप करणार नाही, हवं तर फक्त ऐकून घेऊ. तुमच्या आईला न्याय मिळाला नाही, निदान तिची गोष्ट तरी लोकांना कळू दे. फार छान बोलल्या. मलाच वाटलं की सांगून टाकावं म्हातारीने.

म्हातारीने मेथीची काडी बाजूला ठेवली. शांतपणे म्हणाली, "मैं दो बार नटगी. थे तीजी बार पूछबा आया छो."

मला आधी कळलं नाही. आपल्याकडे नटणं म्हणजे सजणं. इथे नटणं म्हणजे नकार देणं. दोनदा नाही म्हणाले, तुम्ही तिसऱ्यांदा विचारायला आलात. मग ती आणखी एक वाक्य बोलली, ते मात्र अगदी सोप्या हिंदीत, पाहुण्यांना समजावं असं. "माँ की भी किसी ने नहीं सुनी थी."

मॅडमचा चेहरा मी सांगणार नाही. त्या उठल्या. वाकून म्हातारीच्या पायाला हात लावला, जे त्या एरवी कोणाच्या बाबतीत करत नसत, आणि जिना उतरल्या. सीकर रोड संपल्यावर म्हणाल्या, "आयुष्यभर हाच विषय शिकवला की वो भोयर. नाही म्हणजे नाही. आणि तिसऱ्यांदा गेले. वही घेऊन."

मी म्हटलं, तुमचा हेतू चांगला होता.

"सगळ्यांचाच असतो," त्या म्हणाल्या.

बाजरीचं प्रकरण त्यांनी पुस्तकातून काढून टाकलं. साठेक पानं. प्रकाशकाचं म्हणणं होतं की तेच एक प्रकरण विकलं जाईल. पुस्तक आलं ते बारीक आलं, आणि परीक्षण करणाऱ्याने लिहिलं की लेखिकेने मधला भाग घाईत उरकलेला दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, त्यांनी काढून टाकलेलं तुम्ही कसं सांगताय. तर बाजरी मी घातली आहे. तिथे दुसरं पीक होतं. मुरलीपुराही खरं धरू नका. एवढं मी त्यांच्याकडून शिकलो.

यानंतर दोन वर्षांनी आमच्याच कॉलेजात तक्रार आली. पीएचडी करणारी एक मुलगी, आणि तिचे मार्गदर्शक. मुलीचं नाव मी लिहीत नाही, ही मॅडमची शिस्त आहे. त्या शिस्तीचा दुसरा अर्धा भाग असा की पुरुषाचं नाव प्रत्येक वाक्यात पूर्ण लिहायचं. तो मला अजून झेपलेला नाही. मी त्यांना डीनसाहेब म्हणतो. मॅडमनी हे वाचलं तर पेन काढतील.

अंतर्गत तक्रार समिती बसली. अध्यक्ष गृहविज्ञानाच्या विभागप्रमुख बाई, बाहेरच्या एक समाजसेविका, मॅडम सचिव, आणि सदस्यांत मी, नेहमीप्रमाणे. अध्यक्षबाईंनी सुरुवातीला सगळ्यांना चहा घ्यायला लावला, माहौल हलका रहावा म्हणून. मुलीसमोरही कप ठेवला. तिने तो शेवटपर्यंत उचलला नाही.

मुलीने सांगायला सुरुवात केली. अध्यक्षबाईंनी मध्येच विचारलं की बेटा, घरी माहीत आहे का, लग्न ठरलंय का. समाजसेविकाबाईंनी विचारलं की डीनसाहेबांना मुलगी तुझ्याच वयाची आहे ना, मग तुझा गैरसमज झाला नसेल ना. मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या. मलाही वाटलं, आपण गप्प बसलो तर बरं दिसत नाही. मी विचारलं. आवाज अगदी मऊ ठेवून विचारलं.

"रविवार होता ना त्या दिवशी? सुट्टीच्या दिवशी तू त्यांच्या केबिनमध्ये गेलीसच का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि ती टेबलाकडे बघू लागली. मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'प्रश्न, प्रा. भोयर', आणि पुढे माझं वाक्य, जसंच्या तसं. वर दोन्ही बायकांचे प्रश्नही तसेच, नावानिशी.

"बरोबर उतरलंय का बघा, सर," त्या हिंदीत म्हणाल्या, सगळ्यांना कळावं म्हणून.

माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. शहरातल्या सी-स्कीम भागात रविवारीसुद्धा क्लासला जायची. मी मराठीत, हळूच म्हटलं, "मॅडम, हा प्रश्न मागे घेतो."

"घेता येत नाही. तिला ऐकू आलाय."

त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. अध्यक्षबाईंना पुढचा प्रश्न सुचला होता, त्यांनी तोंडही उघडलं, पण मॅडमचं पेन त्यांच्या नावावर येऊन उभं राहिलेलं पाहून त्यांनी चहा प्यायला. मुलगी बोलत राहिली. सलग, अर्धा तास. सगळं झाल्यावर मॅडमनी एकच प्रश्न विचारला आणि तोही स्वतःच्या नावाने लिहून घेतला. तुला या कागदात आणखी काय लिहिलेलं हवंय?

असं काही कोणी विचारेल याची तिला कल्पना नव्हती.

"लिखिए कि मैं थीसिस का तीसरा चैप्टर दिखाने गई थी," ती म्हणाली. "और लिखिए कि चैप्टर अच्छा था."

मॅडमनी लिहिलं. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि त्या दोन ओळी तिला वाचून दाखवल्या.

आठवड्याभरात वरून निरोप आला की कार्यवृत्त फार लांब आहे, संक्षेप करा. संक्षेप तयार करूनच पाठवला होता, फक्त सह्या हव्या होत्या. मी तो घरी आणला. पाच पानांचा मजकूर दीड पानावर आला होता आणि एकही प्रश्न उरला नव्हता. 'छात्रा ने बताया कि वह अवकाश के दिन अकेली गई थी.' माझं नाव गेलं होतं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. पेनसुद्धा काढलं होतं. सुनीताने, माझ्या बायकोने, चपात्या करता करता दोन्ही कागद मागितले. हात पुसून दोन्ही वाचले. मोठ्या कागदावर माझ्या नावापुढे बोट ठेवून म्हणाली, "हे तुम्हीच बोलले ना? मग राहू द्या." आणि तव्याकडे वळली. यात शौर्य असेल तर ते तिचं. मी फक्त सही केली नाही. मॅडमनीही केली नाही. दोन सह्या कमी पडल्या, म्हणून नियमाप्रमाणे मोठा कागद गेला. नियमांचा असाही उपयोग होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

निकाल आमच्या कॉलेजला शोभेल असा लागला. डीनसाहेबांकडून सगळे विद्यार्थी काढून घेतले, डीनपद काढलं आणि त्यांना दुसऱ्या आवारातल्या नैतिक मूल्य केंद्राचं संचालक केलं. तिथे विद्यार्थी नसतात, फक्त सुविचार असतात. मुलीला दुसऱ्या मार्गदर्शक मिळाल्या, तिची पीएचडी झाली. आता ती शिकवते. कुठे ते विचारू नका. मॅडमना निवृत्तीनंतर दोन वर्षं मुदतवाढ मिळायची होती, बाकी सगळ्यांना मिळते. त्यांची फाईल 'विचाराधीन' झाली आणि तशीच राहिली. त्यांच्या खोलीत नारी सशक्तीकरण कक्ष उघडला. त्याला कुलूप असतं, कारण किल्ली ज्या बाबूकडे आहे तो रजेवर असतो.

निरोप समारंभात प्राचार्यांनी भाषण केलं की मॅडमना पुष्कळ विरोध सहन करावा लागला. मॅडम खुर्चीत बसून ऐकत होत्या. मला वाटलं, आता विचारतील, कोणाचा. पण त्यांनी शाल घेतली, नमस्कार केला आणि घरी गेल्या. तो दिवस त्यांना फार दमवून गेला असावा. पुढे चार-पाच महिने फोनवरही त्या मोजकंच बोलत.

गेल्या जानेवारीत संक्रांतीच्या आधी मी गजक, म्हणजे इथली तिळाची चिक्की, घ्यायला चांदपोल बाजारात गेलो होतो. नेहमीप्रमाणे सगळं तुंबलं होतं. एक हातगाडी आडवी होती आणि तिच्यामागे ई-रिक्षांची रांग. त्यातल्या एका रिक्षात, मागच्या सीटवर, जिथे तोंड मागे करून बसावं लागतं तिथे, जगदाळे मॅडम. शेजारी डोक्यावरून पदर पुढे ओढलेली एक बाई, तिच्या मांडीवर पिशवी. मी पुढे गेलो. मॅडम म्हणाल्या की कोर्टात चाललेत. आता त्या तीन वस्त्यांमध्ये जातात. पोलिसांत किंवा कोर्टात जबाब द्यायची वेळ आली की बायकांना शिकवतात, सही करायच्या आधी कागद वाचून मागायचा, आणि साहेबांनी विचारलेला प्रश्नही त्यात आहे का ते बघायचं. साहेब लोक चिडत असतील, मी म्हटलं. चिडतात, त्या म्हणाल्या, पण आपलं नाव लिहिलं जाताना स्पेलिंग सांगतात.

मी त्या बाईकडे पाहून विचारलं, या कोण?

"माझ्या ओळखीच्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या नाहीत."

मराठी त्या बाईला कळलं नसणार, पण सूर कळला. पदराआड ती हसली. तेवढ्यात हातगाडी सरकली आणि रिक्षा सुटली. मी गजकाचा पुडा घेऊन रस्त्यातच उभा होतो. दोघी माझ्याकडे तोंड करून लांब लांब जात होत्या. मी हात वर केला. मॅडमचे दोन्ही हात फायलींनी भरलेले होते, त्यांना हात हलवता आला नाही. त्या बाईने पदर थोडा मागे सारला आणि त्यांच्या वतीने हात हलवला.